प्राचीन ग्रीकांचा अभ्यास सुरू करताना: आधी नकाशा, मग शब्द

प्राचीन ग्रीसवरचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या दहा पानांतच शब्दांची गर्दी होते. द्वीपकल्प, संयोगभूमी, कांस्ययुग, नगरराज्य, अक्रोपोलिस, हेलॉट, मेटिक. नवखा वाचक वहीच्या डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला अर्थ लिहून पाठांतराला बसतो. मीही तेच केलं होतं. महिन्याभरात सगळं तोंडपाठ झालं आणि पुढच्या महिन्यात निम्मं विसरलं, कारण त्यातला एकही शब्द कुठल्या जागेला बांधलेला नव्हता. हातानं नकाशा काढायला लागल्यावर तेच शब्द न घोकता बसले. पुढची पद्धत त्यातूनच तयार झाली. रोज तासभर दिलात तर दोन-तीन आठवड्यांत पाया पक्का होतो.

पहिली पायरी: समुद्र मधोमध ठेवून नकाशा काढा

एक चांगला ॲटलास, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि निळा खडू एवढं सामान पुरे. नकाशे दोन काढायचे. एक एजियन समुद्राच्या परिसराचा, मोठा. दुसरा स्पेनपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या सगळ्या भूमध्य प्रदेशाचा, लहान.

मोठा नकाशा काढताना कागदाच्या मध्यभागी ग्रीस देश आणू नका, एजियन समुद्र आणा. ग्रीकांचं जग या पाण्याभोवती वसलेलं होतं. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की तळ्याकाठी मुंग्या किंवा बेडूक राहावेत तसे आपण या समुद्राकाठी राहतो. पश्चिमेला बाल्कन द्वीपकल्पाचं दक्षिण टोक, म्हणजे ग्रीसची मुख्य भूमी. पूर्वेला आशिया मायनरचा किनारा, म्हणजे आजचं तुर्कस्तान. खाली, दाराला अडसर लावावा तसं आडवं पडलेलं क्रीट बेट, पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब. हे तिन्ही आले की बेटांचे ठिपके टाका. आजच्या ग्रीसच्या हद्दीत बेटं आणि खडक मिळून हजारांच्या घरात आहेत. तुम्ही दहा-बारा काढा: डेलॉस, नॅक्सॉस, थेरा (आजचं सँटोरिनी), लेस्बॉस, सॅमॉस, ऱ्होड्स, सॅलॅमिस, युबिया.

मग डोंगर. ग्रीसचा बहुतेक भाग डोंगराळ आहे. मधून उत्तर-दक्षिण जाणारी पिंडस रांग आणि उत्तरेला २,९१७ मीटर उंचीचा ऑलिंपस एवढं दाखवलंत तरी चालेल. डोंगरांच्या मधल्या सपाट जागा मोकळ्या सोडा. त्या किती लहान आहेत आणि एकमेकींपासून कशा तुटलेल्या आहेत, हे पेन्सिल फिरवतानाच लक्षात येतं. नगरराज्य या शब्दाचं अर्धं स्पष्टीकरण या मोकळ्या जागांमध्ये आहे.

इथं एक सावधगिरी हवी. ॲटलासमधला किनारा आजचा आहे. मायलेटस हे आशिया मायनरमधलं मोठं बंदर होतं. मिॲंडर नदीनं एवढा गाळ आणून टाकला की आज त्याचे अवशेष समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहेत. (भूगोलात नदीच्या नागमोडी वळणांना मिॲंडर म्हणतात, ते याच नदीवरून.) थर्मोपिलीची खिंड तशीच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये चिंचोळी वाट. हिरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या वर्णनात काही ठिकाणी ती एक गाडी जाण्याइतकीच रुंद आहे. आज तिथं उभं राहिलं तर समोर रुंद मैदान दिसतं आणि समुद्र दूर सरकलेला असतो. म्हणून या दोन ठिकाणी जुना किनारा तुटक रेषेनं दाखवा.

दुसरी पायरी: भूगोलाचा प्रत्येक शब्द एका जागेला बांधा

शाळेच्या भूगोलातले शब्द आपल्याला माहीत असतातच. त्यांना ग्रीसमधला पत्ता द्यायचा आहे.

संयोगभूमी म्हणजे दोन मोठ्या भूभागांना जोडणारी जमिनीची अरुंद पट्टी. पत्ता: कॉरिंथ. या शब्दावर थोडं थांबा, कारण ग्रीक इतिहासातल्या बऱ्याच गोष्टी इथून सुटतात. मुख्य भूमी आणि दक्षिणेचं पेलोपोनीज यांना जोडणारी ही पट्टी सर्वांत अरुंद जागी सहा-साडेसहा किलोमीटर आहे. पश्चिमेकडून आलेल्या जहाजाला एजियनमध्ये जायचं तर सबंध पेलोपोनीजला वळसा घालावा लागे आणि वाटेत मालिआ भूशिराचे वारे लागत. ‘मालिआला वळसा घालणार असाल तर घर विसरा’ अशी तेव्हाची म्हणच होती. म्हणून कॉरिंथकरांनी या पट्टीवरून दगडी फरसबंदीचा मार्ग बांधला. त्याला डिओल्कॉस म्हणतात. माल आणि वेळप्रसंगी अख्खी जहाजं त्यावरून ओढून पलीकडच्या पाण्यात सोडत. दोन समुद्रांच्या मधला नाका हातात असल्यावर शहर श्रीमंत होणारच. आज तिथं कालवा आहे, तो १८९३ साली खुला झाला.

आता पेलोपोनीज हे नाव फोडा. ‘पेलॉप्सचं बेट’ असा त्याचा अर्थ; पेलॉप्स हा दंतकथेतला राजा. नेसॉस म्हणजे बेट. इंडोनेशिया आणि पॉलिनेशियातलं ‘नेशिया’ तेच. भूगोलाच्या व्याख्येनं पेलोपोनीज द्वीपकल्प आहे, पण ग्रीकांना ती जोडपट्टी इतकी नाममात्र वाटली की त्यांनी त्याला बेटच म्हटलं. असं नाव एकदा फोडून पाहिलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

सामुद्रधुनीसाठी हेलेस्पाँट घ्या, म्हणजे आजचं डार्डानेल्स. त्याच्या पुढे बॉस्पोरस. या दोन अरुंद वाटांतून काळ्या समुद्राकडे जाता येतं आणि तिकडूनच अथेन्सला धान्य येई. आखातासाठी सरोनिक आखात, भूशिरासाठी ॲटिकाच्या (अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या) टोकाचं सुनिऑन, द्वीपसमूहासाठी सायक्लडीज. सायक्लडीजमध्ये ‘किक्लॉस’ म्हणजे वर्तुळ आहे. पवित्र डेलॉसभोवती कडं करून असलेली बेटं, म्हणून ते नाव. खिंडीसाठी अर्थात थर्मोपिली. ‘थर्मॉस’ म्हणजे गरम, ‘पिले’ म्हणजे दरवाजे. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्या थर्मासमधलं आणि थर्मामीटरमधलं थर्म तेच.

मैदानासाठी मॅरेथॉन. आपण धावण्याच्या शर्यतीमुळे हा शब्द ओळखतो, पण मुळात तो बडीशेपेच्या ग्रीक नावावरून आला. जिथं रानबडीशेप उगवते ती जागा. इ.स.पू. ४९० मध्ये अथेन्सच्या सैन्यानं पर्शियनांना हरवलं ते या मैदानावर.

नवख्यांची सर्वांत जास्त गफलत आयोनियन समुद्र आणि आयोनिया यांत होते. समुद्र ग्रीसच्या पश्चिमेला, इटलीच्या बाजूला. आयोनिया हा प्रदेश बरोबर उलट दिशेला, आशिया मायनरच्या किनाऱ्यावर. मायलेटस आणि एफेसस ही शहरं तिथली. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. ग्रीकमध्ये मात्र समुद्राच्या नावात ऱ्हस्व ‘ओ’ आहे, प्रदेशाच्या नावात दीर्घ. नकाशावर दोन्ही नावं वेगळ्या रंगांत लिहा आणि रोज एकदा त्यांवर बोट ठेवा.

तिसरी पायरी: पाऊस, जव, ऑलिव्ह, द्राक्ष

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नका. भूमध्य हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पावसाळ्याशी शेती जोडणाऱ्या आपल्या मनाला हे वर्ष उलटं वाटतं. पेरणी शरदात, कापणी उन्हाळ्याच्या तोंडाशी. ॲटिकाची जमीन हलकी, तिथं गव्हापेक्षा जव बरा येई. उतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षवेली. ऑलिव्हच्या तेलावर स्वयंपाक, दिवा आणि अंगाला लावणं हे तिन्ही चाले. ऑलिव्हचं झाड भरपूर फळ द्यायला बरीच वर्षं घेतं, त्यामुळे शत्रूनं बागा तोडल्या तर ते नुकसान एका हंगामाचं नसे. तेल आणि वाइन भरून नेण्याचं दोन कानांचं निमुळतं मातीचं भांडं म्हणजे अँफोरा. जलवाहतुकीवरच्या कुठल्याही प्रकरणात हा शब्द भेटणारच. वहीत त्याचं चित्र काढून ठेवा.

चौथी पायरी: काळाची शिडी

सहा पायऱ्यांची एक उभी शिडी काढा. सर्वांत खाली क्रीटची मिनोअन संस्कृती. तिथले मोठे राजवाडे इ.स.पू. १९०० च्या सुमाराला उभे राहू लागले. तिच्यावर मुख्य भूमीवरची मायसिनीअन संस्कृती, साधारण इ.स.पू. १६०० ते ११००. ही दोन्ही कांस्ययुगातली. मग सुमारे ८०० पर्यंतचं अंधारयुग. त्यानंतर ४८० पर्यंत आर्ष काळ, ३२३ मध्ये अलेक्झांडरच्या मृत्यूपर्यंत अभिजात काळ आणि शेवटी हेलेनिस्टिक काळ. या सीमा इतिहासकारांनी सोयीसाठी आखलेल्या आहेत, तेव्हा एखाद्या पुस्तकात पन्नास वर्षांचा फरक दिसला तर गोंधळू नका.

इ.स.पू. वर्षं उतरत्या क्रमानं चालतात. इ.स.पू. पाचवं शतक म्हणजे ५०० ते ४०१. शिवाय शून्य साल नाही: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. म्हणून मॅरेथॉनच्या लढाईला अडीच हजार वर्षं २०१० मध्ये नव्हे, २०११ मध्ये पूर्ण झाली. अशी दोन-तीन उदाहरणं स्वतः सोडवा.

मिनोअन हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली क्रीटवर नॉसस इथं उत्खनन सुरू केलं आणि दंतकथेतल्या मिनॉस राजावरून हे नाव रूढ केलं. ते लोक स्वतःला काय म्हणत हे त्यांच्या लिपीतून कळलं असतं, पण ती लिपी, लिनिअर ए, अजून वाचता आलेली नाही. तिच्यावरून बेतलेली लिनिअर बी मात्र वाचली गेली, आणि तिथं घडलेली एक गोष्ट मराठी वाचकानं जवळून पाहायलाच हवी.

पेलोपोनीजच्या नैर्ऋत्येला पायलॉस इथं मायसिनीअन काळातला राजवाडा आहे. तिथल्या कारकुनांनी ओल्या मातीच्या पाट्यांवर लिनिअर बी लिपीत हिशेब लिहिले होते. त्या पाट्या भट्टीत भाजलेल्या नव्हत्या. इ.स.पू. १२०० च्या सुमाराला राजवाड्याला आग लागली, त्यात त्या भाजल्या आणि म्हणून टिकल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या वास्तुरचनाकारानं जाहीर केलं की ही भाषा जुनी ग्रीक आहे. विद्वानांना शंका होती. पुढच्याच वर्षी पायलॉसची एक पाटी व्हेंट्रिसच्या पद्धतीनं वाचून पाहिली. तीत भांड्यांची यादी होती आणि प्रत्येक शब्दापुढे त्या भांड्याचं चित्र. तीन पायांच्या भांड्याच्या चित्राशेजारी अक्षरं निघाली: ति-रि-पो. चार कानांच्या भांड्यापुढे क्वे-तो-रो-वे, तीन कानांच्या पुढे ति-रि-ओ-वे आणि बिनकानाच्या पुढे अ-नो-वे.

हे मोठ्यानं वाचा. ति-रि-पो आणि आपली तिपाई. ‘त्रि’, ‘चतुर्’ आणि नकाराचा ‘अन्’. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्यानं हे नातं आहे. आणि भांड्याच्या मुठीला ते ‘कान’ म्हणत, आपण कपाचा कान म्हणतो तसाच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा तो कारकून मला शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटला.

याच पाट्यांत पुढचे दोन शब्द आहेत. ‘वानाक्स’ म्हणजे राजवाड्याचा राजा, आणि ‘ग्वासिलेउस’ म्हणजे स्थानिक पातळीवरचा मुखिया. राजवाडे कोसळले, वानाक्स उरला नाही. गावचा तो मुखिया मात्र टिकला आणि पुढच्या ग्रीकमध्ये ‘बासिलेउस’ हाच राजासाठीचा शब्द झाला. अंधारयुगात नेमकं काय मोडलं आणि काय वाचलं, ते या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं. लिहिण्याची कलाही तेव्हा हरवली. ती परत आली फिनिशियन व्यापाऱ्यांच्या वर्णमालेतून. ग्रीकांनी तिच्यात स्वरांची भर घातली.

पाचवी पायरी: पोलिस आणि तिचं गोत

पोलिस (अनेकवचन पोलेइस) म्हणजे नुसतं शहर नव्हे. शहर, भोवतालची शेतं, खेडी, बंदर आणि मुख्य म्हणजे तिथले नागरिक, हे सगळं मिळून पोलिस. मराठीत ‘नगरराज्य’ म्हणतात ते म्हणूनच ठीक आहे, फक्त ‘नगर’ ऐकून शेतं विसरू नका. सगळ्या ग्रीक जगात अशा हजाराहून अधिक पोलेइस होत्या, बहुतेक अगदी लहान. आपला ‘पोलीस’ हा शब्द याच मुळाचा आहे; लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा फिरत तो पोलीस पाटलाच्या पाटीपर्यंत पोचला.

पोलिसच्या आत तीन जागा ओळखा. अक्रोपोलिस म्हणजे उंचावरची पोलिस, गडाची टेकडी. अगोरा म्हणजे बाजार आणि लोक जमण्याचा चौक. खोरा म्हणजे भोवतीची शेतजमीन. हा ‘खोरा’ आपल्या नदीखोऱ्यातला नव्हे, उच्चार जुळतो एवढंच.

माणसांसाठीचे शब्द एका मुळातून उचला: ‘ऑइकॉस’ म्हणजे घर. घरापासून दूर वसवलेली वस्ती ती अपॉइकिया. स्पार्टाभोवती घरं असलेले, मोकळे पण राजकीय हक्क नसलेले ते पेरिऑइकॉई. अथेन्समध्ये बाहेरून येऊन स्थायिक झालेला, कर भरणारा पण नागरिक नसलेला तो मेटिक. घराचा कारभार तो ऑइकॉनॉमिया, म्हणजे आजची इकॉनॉमी. हेलॉट या गोतातला नाही. स्पार्टाच्या जमिनीला बांधलेले, पिकाचा वाटा मालकाला देणारे आणि सतत धाकात ठेवलेले ते लोक. सगळ्या पोलिसमधून लोकशाहीच दिसते असं वाटायला लागलं की हा शब्द आठवा.

अपॉइकियाचं भाषांतर ‘वसाहत’ असं करतात. इंग्रजांच्या वसाहतीची आठवण बाजूला ठेवूनच तो शब्द वाचा. मूळ नगरातून निघालेले लोक तिथल्या चुलीतला पवित्र अग्नी बरोबर नेत. नवी पोलिस स्वतंत्र असे, आणि मूळ नगराला म्हणत मेट्रोपोलिस, म्हणजे आई-नगर. आता तुमचा दुसरा, लहान नकाशा काढा. कॉरिंथकरांनी सिसिलीत इ.स.पू. ७३३ च्या सुमाराला सिराक्यूज वसवलं. आशिया मायनरमधल्या फोकाइआच्या लोकांनी ६०० च्या सुमाराला मस्सालिया, म्हणजे फ्रान्समधलं आजचं मार्सेय. मेगाराच्या लोकांनी बायझँटियन, म्हणजे आजचं इस्तंबूल. आईपासून लेकीपर्यंत बाण काढा.

सहावी पायरी: आपल्याकडे आलेले शब्द

आयोनियाच्या लोकांना पर्शियन ‘यौन’ म्हणत. संस्कृतात ‘यवन’ झालं, अरबी-फारसीत ‘युनान’, आणि त्यावरून युनानी वैद्यक. नंतरच्या मराठीत यवन शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला, पण लेण्यांमधल्या लेखांतला अर्थ जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक म्हणवतो. नावं पूर्ण भारतीय झालेली, ओळख मात्र योनकाची. त्या बाजूला गेलात तर तेवढ्यासाठी थांबा.

‘दाम’ हा शब्द द्राख्मा या नाण्याचा वंशज, वाटेत ‘द्रम्म’ होऊन आलेला. द्राख्मा म्हणजे मूठभर. नाण्यांआधी लोखंडी सळया चलन म्हणून वापरत, एका सळईला ओबोलॉस, आणि एका मुठीत मावणाऱ्या सहा ओबोलॉसची एक द्राख्मा. सहा पेन्सिली मुठीत धरून पाहा. ‘केंद्र’ हा केंट्रॉनवरून आला. केंट्रॉन म्हणजे टोचायचं अणकुचीदार टोक, बैलाच्या पराणीचं. मग कंपासचं, आणि मग ते टोक जिथं रुततं तो बिंदू.

वही कशी ठेवायची

एका शब्दाला अर्धं पान द्या. वर मराठी शब्द, खाली ग्रीक नाव आणि त्याची फोड, मग नकाशावरची जागा, आणि शेवटी ‘यामुळे काय झालं’ असं एक वाक्य. संयोगभूमी: कॉरिंथ: दोन समुद्रांचा व्यापार एका शहराच्या हातात. हे शेवटचं वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायचं, पुस्तकातून उतरवायचं नाही. दिवसाला पाच शब्द भरपूर झाले. नावांची मराठी लेखनं पुस्तकागणिक बदलतात, मायसिनी, मायसीने, मिकीनी. एक निवडा, वहीभर तेच ठेवा आणि शेजारी बाकीची बारीक अक्षरांत नोंदवा.

तीन आठवडे झाले की कोरा नकाशा घ्या आणि इ.स.पू. ४८० ची मोहीम बोटानं चाला. पर्शियाचा राजा क्षयार्ष (झर्क्सीझ) यानं हेलेस्पाँटवर नावांचा पूल बांधला: सामुद्रधुनी. अथॉसच्या द्वीपकल्पाला वळसा नको म्हणून त्याच्या मानेतून कालवा खणला: पुन्हा संयोगभूमी. सैन्य दक्षिणेला येताना थर्मोपिलीपाशी अडलं: खिंड. त्याच वेळी आरमार युबियाच्या उत्तर टोकाशी, आर्टेमिसिअनजवळ लढत होतं. ही दोन ठिकाणं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मोजा. खिंड पडली, अथेन्स रिकामं करावं लागलं, अक्रोपोलिस जळली. पेलोपोनीजचे लोक कॉरिंथच्या पट्टीवर भिंत बांधायला लागले. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीज याला मात्र लढाई सॅलॅमिस बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात हवी होती. त्या पाण्यावर बोट ठेवा, त्याची रुंदी पाहा, आणि मोठ्या आरमाराला तिथं वळायला किती जागा होती ते वहीत लिहा.